आपत्तीला आमंत्रण

मंदाकिनी पिंपळापुरे यांच्या टेबलावर गेलेला कागद लाल शाईनं माखल्याशिवाय परत येत नाही, हे नवा रायपूरच्या मंत्रालयात शिपायापासून सचिवापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. एखादा स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला, तर बाई अशा बघतात की जणू समोरच्यानं त्यांच्या घरचं दूधच उतू घालवलं. हिंदीवाल्यांच्या जिभेला 'ळ' झेपत नाही, म्हणून विधी विभागात त्यांची 'पिंपलापुरे मैडम' झाली. तेवढी एक चूक दुरुस्त करण्याचा नाद त्यांनी सोडून दिला.

निवृत्ती तोंडावर आली असताना शहरातली एक सहकारी बँक बुडाली. परवाना गेला, बँकेचा गाशा गुंडाळायला अवसायक नेमला गेला, आणि कायद्याची सगळी बाजू शासनानं मंदाकिनीबाईंच्या गळ्यात घातली. बाईंना बुडीत बँका काही नव्या नव्हत्या. ठेवीदारांनी पैसे मागण्यासाठी अर्ज करावेत, म्हणून सूचना त्यांनी स्वतः लिहिली. वर ठळक अक्षरांत सरकारी हिंदीतलं 'दावा-आपत्ति आमंत्रित', म्हणजे दावे आणि हरकती मागवत आहोत, खाली मुदत आणि त्याखाली त्यांचं नाव. छापून आली त्या सकाळी त्यांनी ती चहाबरोबर पुन्हा पुन्हा वाचली. शोधूनही चूक सापडेना, तेव्हा कुठे बिस्कीट तोंडात टाकलं.

मुदत संपल्यावर बीरगांवच्या कारखान्यातला विशाल नावाचा कामगार अर्ज घेऊन आला.

"इतनी देर से क्यों आए?" बाईंनी विचारलं.

"मैडम, लिखा था जिसको आपत्ति है वो आए. हमको तो कोई आपत्ति नहीं थी."

बाजूचा कारकून फिस्सकन हसला. मॅडम हसल्या नाहीत. "सूचना बिलकुल साफ है," म्हणाल्या आणि लाल शाईनं 'अस्वीकृत' लिहून मोकळ्या झाल्या. विशालनं कागदाची घडी केली, "हव", म्हणजे 'बरं', म्हणाला आणि निघून गेला.

त्या दिवशी जेवताना त्यांनी ही गंमत लेकीला सांगितली. निधीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते हिंदीतच. ती हसली नाही. म्हणाली, "मम्मी, आजी ने भी तो फॉर्म नहीं भरा. उनका पैसा भी उसी बैंक में है. खाना बनाने वाली को भी हटा दिया उन्होंने."

आजी म्हणजे बाईंची काकू, गोदावरीकाकू. बाईंच्याच चौबे कॉलनीत, मागच्या गल्लीत एकटी राहते. काकांच्या माघारी कुणापुढे हात पसरायला लागू नये, म्हणून होतं नव्हतं ते तिनं त्या बँकेत ठेवलं होतं, आणि याचा पत्ता नातीला होता, पुतणीला नव्हता. स्वयंपाकीणबाई का बंद केली, असं बाईंनी आठवड्यापूर्वीच विचारलं होतं. 'तिच्या हातचं आवडत नाही' हे उत्तर त्यांनी मुकाट्यानं गिळलं होतं. हजार साक्षीदारांचं खोटं पकडणारी बाई, पण काकूपुढे तिचं काही चालत नाही.

कारण कायद्याची पहिली परीक्षा या काकूनंच घेतली होती. मंदा कॉलेजात असताना काकू दुपारी तांदूळ निवडत बसायची आणि मंदा समोर कलमं घडाघडा म्हणायची. काकू सूप खाली ठेवायची. "मले समजंन असं सांग." मंदा चिडायची, पाय आपटायची आणि पुन्हा सांगायची. काकूनं मान डोलावली की कलम पक्कं झालं समजायचं.

जेवण तसंच टाकून बाई मागच्या गल्लीत गेल्या.

"काकू, तू अर्ज काहून नाही दिला?"

काकू उठली. मग देवघरातून पेपराचं जपून ठेवलेलं कात्रण घेऊन आली. "हे पाह्य. आपत्ती आमंत्रित. आता आपत्तीले कोन बोलावते का बाप्पा? मी म्हटलं, छापणाऱ्याची चूक असंन."

"अगं, हिंदीत आपत्ती म्हणजे हरकत. पण दावा तर समजला ना तुले?"

"समजला, म्हणूनच तर नाही आली!" काकूनं बोट कात्रणाच्या तळाशी टेकवलं. "खाली तुझं नाव होतं. मी माह्याच पोट्टीवर दावा लावू? पैसे गेले तं गेले. कोर्टात तुह्यासमोर उभी राहीन का मी?"

मंदाकिनीबाईंना रडू आलं. आपल्या बिनचूक कागदापायी ही म्हातारी स्वतःच्या हातानं पोळ्या लाटत होती, तेही आपल्यावरच्या मायेपोटी. आणि तो बीरगांवचा माणूस? त्याला तर आपण हसण्यावारी नेलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सचिवांकडे टिपण पाठवलं. सूचनेचा मसुदा माझा होता, तो लोकांना समजला नाही, मुदत सगळ्यांसाठी वाढवावी आणि नाकारलेले अर्ज पुन्हा घ्यावेत. माझ्या काकूंचं प्रकरण दुसऱ्या अधिकाऱ्यानं पाहावं. सचिव चारुदत्त साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. "मैडम, रिटायरमेंट के टाइम अपनी गलती फाइल पर क्यों चढ़ा रही हैं? कोई और कारण लिख दीजिए."

"गलती मेरी है, सर. किसी और के नाम कैसे चढ़ाऊँ?"

मुदत वाढली. नवी सूचना छापायला देण्याआधी बाई काकूकडे गेल्या. काकू मेथी निवडत होती. बाईंनी वाचलं, "या बँकेत तुमचे पैसे होते का? तर पासबुक घेऊन या. पैसे तुमचेच आहेत, ते परत मागणं म्हणजे भांडण नाही." हिंदीत आणि छत्तीसगढीतही हेच लिहिलं होतं. काकूनं मेथीची जुडी खाली ठेवली, क्षणभर विचार केला आणि मान डोलावली. इतक्या वर्षांनी पास झाल्याचा आनंद बाईंना लपवता आला नाही.

"तुझं नाव कुठी आहे?" काकूनं विचारलं.

"काढलं. तुले पुन्हा भीती नको."

"लिही बाई. तुझं नाव असंन तरच मी येईन."

अर्ज द्यायला काकू आली ती थेट रांगेत उभी राहिली. आत बसायला बोलावलं तर ऐकेना. चार माणसं पुढे विशाल उभा होता. काकूची पाळी आली तेव्हा नव्या कारकुनानं सवयीनं विचारलं, "माताजी, कोई आपत्ति?"

"थी बेटा," काकू ठणठणीत आवाजात म्हणाली. "हमारी पोट्टी ने वापस भेज दी."

कारकुनाला काही उमगलं नाही. आतल्या खोलीत मंदाकिनीबाईंना मात्र ऐकू गेलं. हातातला लाल पेन टेबलावर ठेवून त्या बाहेर आल्या आणि काकूची सही होईपर्यंत तिची पिशवी धरून उभ्या राहिल्या.