ललिताताईंचा पहिला कॉल

रविवार, दुपार. बरेच महिने इथे काही लिहिलं नाही, त्याबद्दल माफ करा. आज लिहितोय, कारण चूक माझी आहे.

निर्मळ गावच्या ललिताताईंना हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी वायरलेसच्या परीक्षेला मीच बसवलं. लायसन्स आलं, त्यासोबत कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं सरकारी ओळखनाव मिळालं आणि आज सकाळी केळीच्या वाडीतून त्यांनी पहिला कॉल दिला. उत्तरात मी म्हणालो, "बोलणं संपवताना कॉलसाइन सांगायचा राहिला तुमचा."

पुढे नुसती खरखर.

फोन केला तर म्हणाल्या, "सेट कपाटात ठेवला, दादा. बटन दाबायचा धीर कसाबसा केला मी, आनि तुम्ही लगेच मास्तर झालात!" खूप विनवल्यावर म्हणाल्या, "उद्या सातला एकदा लावीन. परत चूक काढलीत तर बंद."

नियम बरोबरच होता. पण तो पाच मिनिटांनी सांगितला असता तर काय बिघडलं असतं? माझ्या पहिल्या कॉलला मी घाबरून स्वतःचं नावच विसरलो होतो. तेव्हा गास गावचे एक काका एवढंच म्हणाले, "आवाज छान येतोय. जेवलास का?" म्हणून मी टिकलो.

तुमच्या पहिल्या कॉलला काय उत्तर मिळालं होतं?

उद्याचं काम: सकाळी सातला ललिताताईंना हाक देऊन विचारायचं, चहा झाला का?