फोमच्या आडोशाचा दिवा

गेवराईत सोमेश्वरइतका सावध माणूस शोधून सापडला नसता. सोफे-गाद्यांच्या दुकानात तो बिडीवाल्या गिऱ्हाइकाला उंबऱ्याबाहेरच उभं करी. नवरात्रातले घट मात्र बापाच्या काळापासून दुकानातच बसत. त्यांचा दिवा नऊ दिवस विझू द्यायचा नाही, जागचा हलवायचाही नाही.

त्या दुपारी राखणीला धाकटा भाऊ शहादेव होता. उकाडा भयंकर. तो पाणी प्यायला मागे गेला, तेवढ्यात सोमेश्वरने त्याच्यासाठी पंखा लावला. ज्योत फडफडली, तसा दिवा उचलून फोमच्या गठ्ठ्यांच्या आडोशाला ठेवला आणि स्वतः जेवायला घरी गेला. परत येऊन बसलेल्या शहादेवचा डोळा लागला आणि फोमने पेट घेतला.

लोकांनी त्याला आगीतून ओढून काढलं, तेव्हा अंगावर भाजल्याचा डाग नव्हता. शुद्ध मात्र हरपली होती.

संभाजीनगरच्या दवाखान्यात डॉक्टर मंजुषाबाईंनी लालभडक औषधाची बाटली लावली. "फोमच्या धुरात सायनाइड असतं," त्या म्हणाल्या. "हे बी-बारा जीवनसत्त्वाचं एक रूप आहे. विष त्याला चिकटतं आणि लघवीवाटे निघून जातं."

"म्हंजी माझ्या हातापायाला मुंग्या येत्यात, त्या गोळीतलंच?" शहादेवच्या बायकोने, केशरबाईने विचारलं.

"त्याच घराण्यातलं. पण गोळीने हे होत नाही. ही मात्रा हजारो पट मोठी आहे."

दुसऱ्या दिवशी शहादेवने डोळे उघडले. अंग लालसर, लघवीच्या पिशवीत जणू बिटाचा रस. सोमेश्वरने पिशवीकडे बोट दाखवलं. "रक्त नाही ते, औषधाचा रंग," नर्स म्हणाली. तरी त्याची नजर पिशवीवरून हलेना.

केशरबाई थर्मासमधून चहा ओतत नवऱ्याला म्हणाली, "दिवा राखाय बसवलं, तर तुमी घोरत पडलात. समदं गाव तोंडात शेण घालतंय."

गाव बोलत होतं, तेव्हा सोमेश्वरही मान डोलावत होता.

"दादा, चुकलो," शहादेव घोगऱ्या आवाजात म्हणाला. "तुजं दुकान गेलं माज्यापायी."

सोमेश्वर पिशवीकडे बघतच म्हणाला, "दिवा मी हलवलता. फोमपाशी मीच ठिवला."

"कावून?"

"तुला उकडत होतं."

शहादेवने तोंड भिंतीकडे वळवलं. केशरबाईने भाऊजींसाठी ओतलेला चहा पुन्हा थर्मासात ओतला आणि झाकण घट्ट लावलं.