सरांचं मानपत्र मीच लिहिलं

जत्रेतल्या तंबूचा सिनेमा आणि ग्रामीण कादंबरी हा माझ्या पीएचडीचा विषय. तिसगाव, सोनई, जिथं कळेल तिथं फटफटी दामटत गेलो, म्हातारे तंबूवाले गाठले, फाटका पडदा कसा शिवायचे तेसुद्धा लिहून घेतलं. एवढं करून नगरच्या एका कॉलेजात बारा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतोय. बेलापूरला घरी गेलो की आईचा एकच प्रश्न, पर्मनंट कवा होतो?

आमच्या विभागप्रमुखांनी तंबू पाहिला तो लग्नातला. पण पर्मनंटची वाट त्यांच्या केबिनमधून जाते, म्हणून प्रबंध पुरा व्हायच्या आधीच त्यातले लेख मी लिहायचो आणि नाव सर घालायचे. आमच्याकडे ह्याला गुरुसेवा म्हणतात. एका लेखाखाली त्यांनी माझे आभारही मानले होते, टायपिंगबद्दल. केवढं मोठं मन!

अखेर जागा निघाली. मुलाखतीआधी मी माझा प्रबंध दिला होता. बाहेरून आलेल्या तज्ज्ञ बाईंनी तो कॉपी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढला. पानंच्या पानं लाल, सगळं सरांच्या लेखांशी जुळणारं. जुळणारच की, दोन्हीकडं हात माझाच!

"तुम्ही तुमच्याच सरांचं लिखाण उचललंत?" बाईंनी विचारलं.

सर शेजारीच बसले होते. तोंडातला काजू गिळून म्हणाले, "जाऊ द्या मॅडम, पोरगा माझाच आहे. चूक पोटात घाला."

खरं बोललो तर आहेत त्या तासिकाही जातील, ह्या भीतीनं मी, गाढव, मान खाली घालून सॉरी म्हणालो. जागा सरांच्या भाच्याला मिळाली. आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "लई शिकलास बाबा, पर बोलायला न्हाई शिकला."

महिन्याभरात त्याच लेखांच्या पुस्तकासाठी कॉलेजनं सरांचा सत्कार ठेवला. मानपत्राचं काम अर्थातच माझ्याकडं आलं. मी लिहिलं, 'ह्या ग्रंथातली एकही ओळ सरांची वाटत नाही, ती ह्या मातीत हिंडलेल्या माणसाची वाटते.' सर काही वाचत नाहीत, स्वतःचं तर मुळीच नाही. त्यांनी कागद तसाच पुढं सरकवला.

प्राचार्यांनी माईकवर ते खणखणीत वाचलं. सरांनी गहिवरून हात जोडले. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत पाहुण्या म्हणून बसलेल्या त्या तज्ज्ञ बाई मात्र टाळी वाजवता वाजवता थांबल्या आणि मागं वळून मला शोधू लागल्या.

ह्या खेपेला मी मान खाली घातली नाही.