आडाच्या गाळाची मजुरी

मिरजगावच्या पलीकडे, मुख्य रस्ता सोडून आत गेल्यावर लागणाऱ्या एका गावाबद्दल अजूनही म्हणतात, की दुष्काळात तिथल्या सरपंचांनी आडाच्या गाळाची मजुरी खाल्ली. मागच्या वर्षी सावेडीतल्या एका लग्नात, जेवताना, शेजारच्या माणसाने मला हे हसत हसत सांगितलं. मी पानातली जिलेबी संपवली आणि गप्प बसलो. पूर्वीही गप्पच बसलो होतो. म्हणून आता लिहितो: त्यांनी काहीही खाल्लं नव्हतं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी राज्यशास्त्राचा प्रबंध लिहीत होतो. सरकारने गावाच्या हाती सत्ता दिली, पण पैसा दिला का, हा माझा प्रश्न. त्यासाठी नगर जिल्ह्यात ग्रामपंचायतींच्या घरपट्टीची वसुली बघत फिरायचो. दुष्काळाने वसुली सगळीकडे बुडाली होती. या एका गावात मात्र ती पुरी दिसत होती.

सरपंच पन्नाशीचे, बागाईत वाळून गेलेले शेतकरी, तोंडाने फटकळ. पहिल्याच दिवशी मला भाकरी वाढताना म्हणाले, "पुन्याची मानसं प्रश्न लई इचारत्यात, आन् जेवत्यात चिमनीवानी."

वसुलीचं कोडं त्यांनीच उलगडलं. ज्या घराला पट्टी भरणं शक्य नव्हतं, त्याने आपल्या पाळीला गावच्या आडातला गाळ काढायचा. कागदावर त्या घराची पट्टी जमा व्हायची आणि तेवढीच मजुरी खर्ची पडायची. प्रत्यक्षात पैसा हलतच नसे. थकबाकी दिसली असती तर वरून येणारं अनुदान अडलं असतं, आणि गाळ निघाला नसता तर होतं तेवढं पाणीही गेलं असतं.

मी आडाच्या काठावर उभा राहून हे बघत होतो. दोराने गाळाची पाटी वर ओढणारी एक बाई म्हणाली, "सायेब, नुसतं बघायचाच पगार हाय व्हय तुमाला? लावा की हात." मी दोराला हात लावला. माझी पँट चिखलाने भरली तशा बायका हसल्या.

निघताना सरपंच म्हणाले, "ह्ये मनात ठिवा, कागदावर नगं. नियमात बसत न्हाई."

मी हो म्हणालो, आणि परतीच्या एस.टी.तच सगळं लिहून काढलं. इतकं चांगलं उदाहरण मला जिल्ह्यात दुसरं मिळालं नव्हतं.

त्यावर निबंध लिहिताना गावाचं नाव तेवढं बदललं. आम्हाला तसंच शिकवलेलं होतं. नाव बदललं की माणसं सुरक्षित, असं मी धरून चाललो. बाकी सगळं आहे तसं ठेवलं: पत्र्याचं चर्च, त्याच्या समोरचा आड, गावाच्या वेशीवरचा टेकाडाचा उतार. नगरच्या एका परिसंवादात मी तो निबंध वाचला. चहाच्या वेळी जिल्हा परिषदेचे एक अधिकारी जवळ आले. "डॉक्टर, चर्चसमोर आड म्हणजे मिरजगावच्या बाजूचंच गाव ना हे?"

मी अजून डॉक्टर झालो नव्हतो. त्या एका शब्दाने सुखावलो आणि मान डोलावली. नाही म्हणता आलं असतं.

चौकशी लागली. खोट्या पावत्या, खोटी मजुरी. कागदावर खर्ची पडलेली मजुरी कुणाच्याच हातात पडली नव्हती, म्हणजे ती सरपंचांनी खाल्ली, असा आरोप. सुनावणीच्या दिवशी मी माझ्याच कामासाठी जिल्हा परिषदेत गेलो होतो आणि जिन्यात सरपंच समोर आले. धुतलेलं धोतर, नवी टोपी. त्यांना वाटलं, मी त्यांच्यासाठीच आलो आहे.

"बरं झालं आलात. पद जाऊंद्या, त्याचं काय न्हाई. पन मी पैसा खाल्ला म्हनत्यात. गाववाले माझीच मानसं, त्यांचं कोन खरं मानतंय? तुमी बाहेरचे. तुमी डोळ्यानं बघितलंय, दोर वढलाय. तेवढंच सांगा आत यिऊन."

मी म्हणालो, "संशोधकाला कुणाची बाजू घेता येत नाही."

पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला समजावत राहिलो, की तेव्हा माझा यावर खरोखर विश्वास होता. तसं नव्हतं. इतर गावांचे हिशेब मला ज्या अधिकाऱ्यांकडून हवे होते, तेच आत बसलेले होते.

सरपंच टोपी नीट करत म्हणाले, "आमचं गाव त्यांना कुनी दावलं, त्ये म्या इचारलं न्हाई तुमाला." आणि वर गेले. मी खाली उतरलो.

त्यांचं पद गेलं आणि पैसे खाल्ल्याचा ठपका कायम राहिला. पाळी मोडली. पुढच्या उन्हाळ्यात आडात कुणी उतरलं नाही, असं मी ऐकलं. बघायला गेलो नाही. प्रबंधाचं पुस्तक निघालं, तेव्हा पट्टीच्या बदल्यात गाळ काढण्याची ही पद्धत इतर गावांनीही उचलावी, हे वाक्य त्यात होतं तसंच राहिलं. प्रुफं मीच तपासली होती. त्या पानावर मी फक्त एक स्वल्पविराम बदलला.