लाल कोब्यावरचा डाग

काकांनी घेतलेली मोटार जुनी होती, पण तिच्या गॅरेजातला कोबा मात्र त्यांना नवाकोरा, लालभडक आणि तोंड दिसेल इतका गुळगुळीत हवा होता. महाडात त्यांची भाताची गिरण होती आणि दोन-तीन कमिट्यांवर नाव होतं. आमच्या स्वयंपाकघराची जमीन तेव्हा शेणाने सारवलेली होती. कोबा आधी तिथे घालावा, असं काकूंनी एकदा सुचवून पाहिलं. काका म्हणाले, स्वयंपाकघरात मामलेदार येत नाहीत.

कोब्यासाठी पोलादपूरकडचा गवंडी आणला होता. उमरठजवळच्या एका वाडीतला, पन्नाशीचा, कमी बोलणारा. लाल कोब्याला डाग कशाने पडतात हे त्याला पक्कं माहीत होतं. त्याने सगळ्या जमिनीला लागणारं सिमेंट आणि रंग आधीच कोरडे कालवून, चाळून एका ढिगात ठेवले. रोजच्या रोज कालवलं तर रोजचा रंग निराळा येतो, म्हणाला. कोबा घोटून झाल्यावर दुसऱ्या दिवशी कडेने चिखलाचा बोटभर उंच बांध घातला आणि भाताच्या खाचरात भरावं तसं पाणी भरलं. पंधरा दिवस ते आटता कामा नये.

पण उन्हाळा होता आणि भातपेरणीआधी शेतात राब भाजायला त्याला आठ दिवस गावी जाणं भाग होतं. मी इंटरची परीक्षा देऊन घरात पुस्तकं वाचत पडलेलो. पाण्याचं काम माझ्याकडे आलं.

निघताना तो म्हणाला, "भाऊ, जमीन उघडी पडू देऊ नका. आन वर पेंढा टाकू नका. त्यो रंग सोडतो."

मग जरा लाजत त्याने सांगितलं की हे काम नीट उतरलं तर नव्या दवाखान्याचा कोबा त्यालाच द्यायचं काकांनी कबूल केलंय. दवाखान्याच्या कमिटीवर काका होतेच. एवढं मोठं काम त्याला तोवर कधी मिळालं नव्हतं.

पहिले दोन दिवस मी विहिरीवरून इमानाने पाणी ओतलं. तिसऱ्या दिवशी एक जाडजूड कादंबरी हातात आली. पाचव्या दिवशी दुपारी गॅरेजात डोकावलो, तर बांधाला भेगा पडलेल्या आणि जमीन कोरडीठाक. मी घाबरलो. घाबरल्यावर शिकलेला माणूस करतो तेच केलं, म्हणजे अक्कल चालवली. गोठ्यातला पेंढा भिजवून सगळ्या कोब्यावर पसरला. ओल टिकणार होती आणि माझी कादंबरीही संपणार होती.

गवंडी यायच्या आदल्या दिवशी पेंढा उचलला. मधोमध बैल बसून उठावा एवढा पिवळट-तपकिरी डाग होता, त्याच्या कडेने पांढरे चट्टे. घासून पाहिलं. हलला नाही.

काकांनी गवंड्याला डागाशी उभं करून विचारलं, हे काय? तो वाकून बराच वेळ जमिनीवरून बोटं फिरवत राहिला. मग माझ्याकडे वळून विचारलं, "भाऊ, पाणी व्हता ना?"

"होतं," मी म्हणालो.

एवढ्यावर थांबलो असतो तर मी नुसता खोटारडा ठरलो असतो. पण मी पुस्तकं वाचलेला माणूस. मी काकांना समजावून सांगितलं की महाडपर्यंत खाडीचं पाणी चढतं, त्यामुळे इथल्या वाळूत खार असतो, आणि खार वर आला की असे डाग पडतात. काकांना ते पटलं, कारण ते कठीण होतं. दवाखान्याचं काम दुसऱ्याला गेलं.

पुढे गॅरेजाचं उद्घाटन झालं. मामलेदारांसकट सगळ्यांना चपला बाहेर काढायला लावल्या. मोटार चिखलाच्या चाकांनिशी आत शिरली आणि नेमकी डागावर उभी राहिली. डाग कोणालाच दिसला नाही. तो कधीच दिसणार नव्हता. वर्षभरात तिच्या तेलाने सगळी जमीनच काळी झाली.

काही वर्षांनी मी खेडला मास्तर झालो. एकदा एस.टी. कशेडीचा घाट चढण्याआधी पोलादपूरला थांबली, तेव्हा चहाच्या टपरीवर तो गवंडी भेटला. त्यानेच ओळखलं, चहा पाजला. महाडची वाळू त्या दिवसापासून बंद केली, म्हणाला. वर डोंगराकडून नदीची वाळू आणतो, बरीचशी डोक्यावर, आणि तीन पाण्यांनी धुतो. लाल कोबा मात्र परत केला नाही. हात धजत नाही.

"तुमी सांगितलात म्हणून कळला, भाऊ. नायतर आनखी चार घरा नासवली असती मी."

ड्रायव्हर अजून भजी खात होता. गाडी सुटायला चांगली दहा मिनिटं होती. सांगायला एक मिनिट पुरलं असतं. मी चहाचे आभार मानले आणि गाडीत जाऊन बसलो.