मेडिकल बोर्डापुढे फिट

माझे वडील, आमचे दादा, निवृत्त हवालदार. सीमेवर मणक्यात घुसलेल्या तोफगोळ्याच्या कपचीनं म्हातारपणी त्यांचे पाय पार गेले. अशा माजी सैनिकाला सांभाळायला माणूस ठेवता यावा म्हणून पेन्शनीवर वेगळा भत्ता मिळतो, हे मला काष्टीच्या बाजारात कळलं आणि अंगात वारंच शिरलं. त्यासाठी लष्करी डॉक्टरांच्या बोर्डानं फक्त ‘पूर्ण परावलंबी’ असं लिहायला हवं होतं.

नगरच्या लष्करी दवाखान्यात जायच्या दिवशी दादांनी गुळगुळीत दाढी करून घेतली, छातीवर पदकं लावायला लावली. मी खुळा, कौतुकानं लावली. नोकरीभर बोर्ड म्हटलं की फौजी दुखणं लपवतो, अनफिट ठरलं तर घरी पाठवतील म्हणून. ती खोड पेन्शनीतही जात नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

“आंघोळ कोण घालतं, हवालदारसाहेब?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“सोता करतो, मॅडम.”

“रात्री उठावं लागलं तर?”

“उठतो की. एकदम फिट!”

“मग चीनच्या बॉर्डरवर पाठवू का?”

“पाठवा. थंडीचं सामान तेवढं चांगलं द्या.”

सगळे हसले. बाई मात्र हसता हसता लिहीत होत्या. भत्ता माझ्या डोळ्यांदेखत चालला होता. एरवी मी तोंडाला कुलूप लावलेला माणूस. त्या दिवशी कसं कोण जाणे, ते निघालं.

“मॅडम, हे खोटं हाय. आंघोळ मी घालतो. अन् रात्री हे हाक मारतात तेव्हा मी जागा असतो. झोपेचं सोंग घेऊन पडून राहतो. सकाळी ओली चादर बदलतो अन् वर यांनाच म्हणतो, ‘दादा, हाक नाही का मारायची?’”

बाईंचं पेन थांबलं. दादांनी माझ्याकडे बघितलं नाही.

“मला ठावं हाय,” ते म्हणाले. “म्हनून तर दुसऱ्यांदा हाक मारीत न्हाई.” मग बाईंना म्हणाले, “लिवा मॅडम. पोरगं खरं बोलतंय. माज्यानं आता कायबी व्हत न्हाई.”

मंजुरी आली तेव्हा मी उसाला पाणी देत होतो. पाटाचं बारं तसंच उघडं सोडून, चिखलाच्या पायांनी घराकडे पळत सुटलो. “दादा, मंजूर! मंजूर झालं!”

“वरडतो कशाला? पाय गेलेत, कान न्हाई. मानूस बघ. पारख मी करनार.”

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या वस्तीवरचा एक गडी आला. दवाखान्यात काम केलेला, धिप्पाड. दादांनी पगाराचं विचारलं नाही, गावाचं विचारलं नाही.

“झोप कशी हाय रं तुजी?”

“लई सावध, दादा. मांजर चाललं तरी जाग येती.”

“ठेव याला,” दादा म्हणाले, आणि माझ्याकडे बघून इतके मोठ्यानं हसले की मलाही हसू आवरेना.