वाचला असे समजण्यात यावे

सांगलीच्या चर्चासत्रात शोधनिबंध मांडायला मला सात मिनिटं मिळाली होती. विषय होता माजी सैनिकांची दुसरी नोकरी. पाटण तालुक्यातल्या कितीतरी निवृत्त फौजींच्या ओसरीवर मी बसले होते. तेवढ्यांचं म्हणणं सात मिनिटांत बसवताना नाकी नऊ आले.

त्या फौजींपैकी एक आमचे आबा, माझे वडील. हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आता कराडच्या एका पतसंस्थेच्या दारात रखवालदार. माझ्या संशोधनाला ते ‘लोकांच्या घरचा चहा पिणं’ म्हणत आणि स्वतः काही सांगायला तयार नसत. मग एकदा म्हशीची धार काढता काढता, माझ्याकडे न बघता बोलले. पंधरा ऑगस्टला झेंड्याजवळ शाल मिळते, सगळे फौजीसाहेब म्हणतात. दुसऱ्या दिवशी स्टुलावर बसलं, की शाल घालणारेच गाडीतून उतरता उतरता सांगतात, ए, इथं कुणाला गाडी लावू देऊ नको.

ते मी नाव न घालता निष्कर्षात घेतलं. आपल्याबद्दल शिकलेल्या माणसांपुढं काय बोललं जातं, ते आबांना ऐकायचं होतं. घरी मी तालीम करू लागले की ते उठून बाहेर जात. ऐकीन तर तिथंच, म्हणत. मलाही त्यांना ते तिथंच ऐकवायचं होतं. प्रमाणपत्र लागत होतं, ते वेगळं.

सांगलीत पंख्याच्या वाऱ्यानं समई लागेना आणि पंखा बंद करणारा माणूस सापडेना. मग पाहुण्यांचं स्वागत झालं, मग स्वागत करणाऱ्यांचं स्वागत झालं. बीजभाषण करणाऱ्या सरांनी बी पेरून, पीक काढून, मळणी करूनच माईक सोडला. जेवणात बासुंदी होती, त्यामुळे दुपारी निम्मं सभागृह पेंगत होतं. माझा नंबर जवळ आला तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, वेळेअभावी उरलेले शोधनिबंध वाचले असे समजण्यात यावे, प्रमाणपत्रं टेबलावर आहेत. खरं सांगायचं तर बरेच जण खूश झाले आणि टेबलाकडे निघाले.

“समजायचं म्हंजे?” शेजारी बसलेल्या आबांनी मला विचारलं.

मी समजावून सांगितलं. त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि उभे राहिले. कवायतीतला आवाज होता, माईक लागला नाही.

“सायेब, मी फौजेत हुतो. पाटणवरनं हिचं ऐकायला आलोय. हिला बोलू द्या.”

अध्यक्षांचा चेहराच पालटला. आपण जिंकलो, असं समजून मी पेन ड्राइव्ह घेऊन उठले. अध्यक्ष माईक हातात घेऊन म्हणाले, की देशाचा एक जवान आपल्यात बसलाय आणि आपल्याला पत्ताच नाही. एक शाल उरलेली होतीच. आबांना व्यासपीठावर नेलं. शाल झाली, श्रीफळ झालं, टाळ्या झाल्या. फोटोसाठी मलाही शेजारी उभं केलं. आबा काहीतरी सांगायला माईककडे वळले, तोच आभार उरकून राष्ट्रगीत लावलं. आबा जागच्या जागी सावधान झाले. राष्ट्रगीत संपलं तसे सगळे चहाकडे गेले.

कराडच्या एसटीत बसलो तरी माझा संताप जात नव्हता. त्या सगळ्यांचा राग होताच, आबांच्या मांडीवरच्या नारळाचाही येत होता.

“काढ कागद,” ते म्हणाले.

मी वाचलं. खडखडाटात आवाज चढवून वाचलं, पुढच्या बाकावरची बाई वळून बघायला लागली तरी थांबले नाही. शाल आणि स्टुलाशी आले तेव्हा आबा खिडकीबाहेर बघत होते. निबंध संपल्यावर त्यांनी नारळ मांडीवरून खाली ठेवला.

“बराबर लिवलंयस,” मग म्हणाले. “त्येंनी तर न ऐकताच करून दावलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची ड्युटी होती. जाताना शाल बरोबर घेऊन गेले. हल्ली ती घडी घालून पतसंस्थेच्या स्टुलावर असते. बसायला मऊ लागतं, म्हणतात.